हातावर न दिसणारा रंग

परवा शाळेत सरांची शोकसभा झाली. मी गेलो नाही. तसल्या सभेत मला बसता येत नाही. कुणी खोटं बोललं की मी मध्येच उठतो, आणि मग लोक म्हणतात, म्हाताऱ्याला सांभाळा. पण कोण काय बोललं ते घरी आलेल्यांनी सांगितलं. सर मनमिळाऊ होते. सर शिस्तीचे होते. सर सदा हसतमुख. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाची सभा दिसती. निम्म्या गावाशी त्यांचं वाकडं होतं आणि उरलेल्या निम्म्याला ते काय बोलतात तेच कळत नव्हतं. शिस्त म्हणाल तर शाळेची घंटा होऊन जायची आणि सर ओढ्यात गोटे धूत बसलेले सापडायचे. हसताना मी त्यांना फार कमी बघितलं. बदली होऊन गेले तोवर ते माझ्याच खोलीत राहिले. म्हणून मी लिहितो. शाळा माझी दुसरीपर्यंत, पुढं मेंढरं. अक्षर वाईट आहे, पण माझं आहे.

खोली बघायला आले तो दिवस पक्का ध्यानात आहे. नवा मास्तर आला की पाणी किती वेळ येतं, लाईट कधी जाते, संडास कुठं, हे विचारतो. ह्यांनी विचारलं, "तात्या, ही खिडकी उत्तरेची का?"

"व्हय. पण थंडीत वारं लई येतं. बंद करावी लागती."

"बंद नाही करायची. उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही. मी राहतो."

खिडकीबाहेर माझ्या मेंढरांचा वाडा. वास, माशा, लेंड्या. त्याचं त्यांना काहीच नाही. वर म्हणाले, "मेंढरं आहेत हे बरं झालं. सकाळच्या उन्हात पांढरा रंग बघायला मिळेल." मी आत जाऊन म्हातारीला सांगितलं, मास्तर डोक्यानं जरा हललेला दिसतो, पण खोली द्यायची.

"कावून?" म्हातारी म्हणाली.

"त्यानं वाड्याला नाक मुरडलं न्हाई."

सर अंबाजोगाईकडचे. नेकनूरला एसटीतून उतरायचं आणि तिथून मिळंल त्या गाडीनं आमच्या गावात यायचं, अशी त्यांची ये-जा. उंच, वाळलेलं अंग, अंगात पांढरा सदरा. पोरांना चित्रकला शिकवायचे. चित्रकला म्हणजे काय, तर आमच्या हिशेबानं डोंगर काढायचा, मधून सूर्य, खाली झोपडी. सरांनी डोंगर बंद केला. पहिले सहा महिने पोरांनी चित्रच काढलं नाही, नुसते रंग कालवले. तांबडा, पिवळा, निळा, ह्या तीन डब्या आणि पांढरा. त्यातूनच सगळं करायचं. मुख्याध्यापकांनी नव्या रंगपेट्या आणल्या तर सरांनी एकेका पेटीतून काळ्याची नळी उपसून काढली आणि सगळ्या नळ्या माझ्या उकिरड्यात पुरल्या. एक फिकट गुलाबी नळी होती, तिच्यावर कातडीचा रंग असं लिहिलेलं. तीही पुरली. म्हणाले, "तात्या, ह्या रंगाचं माणूस तुम्ही बीड जिल्ह्यात बघितलंय का?"

मी म्हणालो, "जिल्ह्यात न्हाई. डुकराचं पिल्लू बघितलंय."

त्या दिवशी हसले होते.

त्यांच्या खिशात एक जाड कागदाचा तुकडा असायचा. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा, मधोमध भोक पाडलेला. ते भोक डोळ्यापुढं धरून सर जगाकडं बघायचे. भाकरीकडं, भिंतीकडं, सरपंचाच्या गालाकडं. पोरांनाही तसलेच तुकडे करून दिले होते. म्हणायचे, नाव विसरा, रंग बघा. मेंढी म्हटलं की तुम्ही पांढरी म्हणून मोकळे होता, कारण तुम्ही मेंढी बघतच नाही, नाव बघता. एकदा मलाही बघायला लावलं. मी सांगितलं, मला जन्मापासून मेंढरं दिसतात, भोकाची गरज नाही. ते हट्टाला पेटले. शेवटी बघितलं. उन्हातली मेंढी पिवळट होती आणि सावलीतली निळसर. मी तसं कबूल केलं नाही. डोळ्यात कचरा गेला म्हणून कागद परत दिला.

परळीच्या वीज कारखान्यातून येणाऱ्या ट्रकांवरून राख गळायची, ती सर रस्त्यावरून डबीत भरून आणायचे. करडा रंग एक नसतो, किती असतात ते पोरांना दाखवायला. रस्त्यावर वाकून राख भरणारा मास्तर बघून ट्रकवाले थांबायचे आणि विचारायचे, काय हरवलं का.

त्यांच्या ह्या भोकापायी माझ्या भावाच्या घरी एकदा चांगलाच तमाशा झाला. पुतणीला बघायला पाहुणे आलते. पोहे झाले, चहा झाला, आणि नवऱ्या मुलाचा मामा म्हणाला, "पोरगी चांगली हाय, पण रंगानं सावळी हाय." सर माझ्याबरोबर कोपऱ्यात बसलेले. ते म्हणाले, "कोणती सावळी?"

मामा म्हणाला, "म्हंजी?"

"सावळी हा रंग नाही. आळस आहे. बघायचा कंटाळा आला की माणूस सावळी म्हणतो." आणि खिशातून कागद काढून त्या मामाच्या हातात दिला. "ह्यातून बघा. पिवळं आहे, तांबूस आहे, कोपरापाशी निळी झाक आहे. काय पाहिजे ते सगळं आहे."

मामानं कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "हे कोण हायत?"

"भाडेकरू," मी म्हणालो.

"आवरा यांना."

पाहुणे उठून गेले. भाऊ वर्षभर सरांशी बोलला नाही. पण मी एक बघितलं. सगळे निघून गेल्यावर पुतणीनं तो कागद उचलला आणि दाराच्या उजेडात जाऊन स्वतःच्या हाताकडं बघत कितीतरी वेळ उभी राहिली.

मेंढरांचंही सांगतो. आमच्या लोकांत मेंढराच्या पाठीवर गेरूची खूण करतात, कळप कळपात मिसळला तर आपलं ओळखू यावं म्हणून. माझा चुलतभाऊही गेरूच लावायचा, मी मानेपाशी, तो शेपटीपाशी. त्यावरून वर्षाला एक भांडण ठरलेलं. सरांनी तोड काढली. म्हणाले, तात्या, तुम्ही निळा लावा, त्यांना पिवळा लावू द्या, कोसावरून ओळखू येईल. पोरांनी वर्गात नीळ कालवली, हळद कालवली, आणि अख्खी शाळा आमच्या वाड्यात येऊन मेंढरं रंगवून गेली. तेव्हा आम्हा दोघांचे कळप एकाच शेतात बसायला होते. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतो, तसं. मध्येच अवकाळी पाऊस आला. मेंढरं पावसात एकमेकांना चिकटून उभी राहतात, अंगाला अंग घासतात. पहाटे जाऊन बघतो तर निळं नाही, पिवळं नाही, अख्खं रान हिरवं.

चुलतभाऊ म्हणाला, "हिरवी कुणाची बे?"

मी म्हणालो, "तुझ्या हळदीनं घाण केली."

"तुझ्या निळीनं केली."

आम्ही दोघं काठ्या घेऊन उभे, आणि समोरून सर पोरांची रांग घेऊन येतेत. आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोरांना म्हणाले, "बघा, निळा आणि पिवळा भेटले की काय होतं. पुस्तकात हे एवढं मोठं दिसणार नाही." पोरं नाचायला लागली. आम्ही दिवसभर एकेका मेंढराचा कान बघून वाटणी करत बसलो, कारण कानाची कातरण तेवढी प्रत्येकाची वेगळी असते. संध्याकाळी मी सरांना म्हणालो, उद्याच्या उद्या खोली खाली करा. ते म्हणाले, बरं. दुसऱ्या दिवशी दोघंही ते विसरलो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

आमच्या गावातली निम्मी घरं दसरा झाला की उसाला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा. टोळ्या ट्रॅक्टरवर बसून साखर कारखान्यांच्या मुलखात जातात, त्या कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की पाडव्याच्या सुमारास परत येतात. पोरं आज्याकडं राहतात. माझा मुलगा आणि सून जायचे, आणि नात कोमल आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडं. तेव्हा ती तिसरीत होती.

सरांच्या ध्यानात आलं की टोळ्या गेल्या की वर्ग महिनाभर गप्प असतो. पोरं कागदावर ब्रश धरून बसतात आणि काहीच करत नाहीत. मग त्यांनी एक चाल सुरू केली. कोयते निघायच्या आधी आयांना शाळेत बोलवायचं. आईनं बाही वर करून हात पुढं धरायचा आणि पोरानं त्या हाताचा रंग कालवायचा. बरोबर झाला का ते कसं कळणार, तर कालवलेल्या रंगाचा एक ठिपका आईच्या हातावर लावायचा. ठिपका दिसला तर चुकला. दिसेनासा झाला तर जुळला. मग तो रंग ओढ्यातल्या गुळगुळीत गोट्यावर लावायचा आणि गोटा पोरानं जवळ ठेवायचा. सर पोरांना सांगायचे, "जुळला तर ती आईच. जुळला नाही तर ती दुसरी कुणी."

पहिल्या साली बाया लाजून मेल्या. वर्गात ओळीनं बसलेल्या, हात पुढं केलेले, पोरं वाकून वाकून बघतेत. शेजारची एक जण म्हणाली, "आगं, येवढं निरखून तर मला बघायला आलेल्यांनीबी बघितलं न्हवतं." सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, "माझ्या पोरानं निळा घेतलाय बघा. मी काय देव हाय का?" सर म्हणाले, "निळ्याशिवाय कोणतीच आई होत नाही." पुढच्या साली बोलवावं लागलं नाही.

कोमल तिसरीत होती त्या साली मीही शाळेच्या वट्ट्यावर बसून बघत होतो. सून म्हणून सांगत नाही, पण बाई हाताला आणि तोंडाला दोन्हीला खरी होती. माझ्यापुढं डोक्यावरचा पदर कधी पडू दिला नाही, आणि मेंढरांच्या औषधात मी चुकलो तर पदर सावरून तोंडावर सांगायची. कोमलनं तिचा हात मांडीवर घेतला आणि अडून बसली. तिच्या आईचा हात कोपरापासून पुढं उन्हानं रापलेला, मनगटाच्या आतनं उजळ. कोमल म्हणाली, "सर, कुठला घेऊ?"

"तुला डोळे मिटल्यावर कुठला दिसतो?"

तिनं मनगटाची आतली बाजू धरली. ठिपका लावायची, पुसायची, परत कालवायची. बाकीच्या बाया उठून गेल्या. सुनेला भाकरी टाकायच्या होत्या, सामान बांधायचं होतं, तरी ती हलली नाही. मध्येच म्हणाली, "व्हईल गं, थोडं तांबडं कमी कर." शेवटी कोमलनं एक ठिपका लावला आणि दुसऱ्या क्षणाला तिला तो सापडेना. आईच्या मनगटावर बोट फिरवून शोधायला लागली. सून हसत होती. "गेला का गं आत?" म्हणाली.

दोन दिवसांनी टोळी गेली.

पौषात निरोप आला. सुनेला उसाच्या फडात ताप आलता. ताप अंगावर काढून मोळ्या वाहत राहिली, एक दिवस फडातच बसली आणि उठली नाही. दवाखान्यात नेलं, पण उशीर झालता. जीपमधून आणलं तिला, रात्रभराच्या रस्त्यानं. सकाळी अंगणात ठेवली. हळद-कुंकू लावलं. बाया रडत होत्या. माझा मुलगा भिंतीला टेकून बसलेला, त्याला कुणी काय विचारलं तर ऐकू येत नव्हतं.

कोमल आली, उभी राहिली, आत गेली. गोटा घेऊन आली. कुणाला कळायच्या आत तिनं चादरीतून आईचा हात बाहेर काढला, मनगट उलटं केलं आणि त्याला गोटा लावला. तो हात आता कसा झालता ते मी लिहीत नाही. मेलेल्या माणसाचा हात कसा होतो ते सगळ्यांनी बघितलेलं आहे.

तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "ही माझी आई न्हाई."

म्हातारी म्हणाली, "आसं म्हनू नगं गं बाळा."

"जुळंना," कोमल म्हणाली. सर दारात उभे होते. ती त्यांना म्हणाली, "सर, बघा की तुमी. जुळतंय का?"

सगळं अंगण सरांकडं बघायला लागलं. त्यांना लहानथोर कुणापुढं गप्प बसता आलेलं मी बघितलं नव्हतं. ते खाली बसले, हात बघितला, गोटा बघितला. उठले आणि मेंढरांच्या वाड्यात जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. आम्ही सुनेला नेली. कोमल आली नाही. ती पायाही पडली नाही.

त्यानंतर पोर रडलं नाही. हेच वाईट होतं. शाळेत जायची, जेवायची, आजीला पाणी आणून द्यायची. मुलगा दहावं-तेरावं करून परत टोळीवर गेला, आगाऊ पैशाची उचल घेतलेली असते, सुटता येत नाही. कुणी तिच्यापुढं आईचं नाव काढलं की ती शांतपणे सांगायची, "पट्टा पडला की येती. टोळीबरबर येती." संध्याकाळी रस्त्यावर जाऊन उभी राहायची आणि कोणत्या गावाची टोळी आली ते येऊन सांगायची. बाया म्हणायच्या, राहू द्या, पोर आहे, विसरेल. ती विसरत नव्हती, वाट बघत होती. माझ्या डोळ्यापुढं एकच यायचं. टोळीचा ट्रॅक्टर येईल, एकेक बाई उतरेल, आणि शेवटची बाई उतरल्यावर हे पोर रिकाम्या ट्रॉलीत बघेल. त्या वेळेला तिचं काय व्हायचं.

मी कुणाच्या दारात काही मागायला गेलेलो नाही. सरांच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "ही गाठ तुमी मारली. पाडव्याच्या आत तुमीच सोडवा. मला न्हाई येत."

ते खाटेवर बसले होते. म्हणाले, "मलाही येत नाही, तात्या."

"येत न्हाई म्हनायला शाळेत ठिवलंय का तुमाला?"

दोन दिवसांनी सरांनी वर्गात नवीन काम काढलं. शाळेपुढं बदामाचं झाड आहे, मोठ्या पानांचं. सरांनी प्रत्येक पोराला एक हिरवं पान तोडून घ्यायला लावलं. पान आपल्यापुढं ठेवायचं, आज त्याचा जो रंग आहे तो कालवायचा आणि कागदावर त्याचा एक चौकोन भरायचा. उद्या त्याच पानाचा परत. परवा परत. पान पार वाळेपर्यंत. मी मेंढरं शाळेमागच्या पडीक रानात सोडायचो आणि खिडकीखाली बसायचो. सर काय करतात ते मला कळलं होतं. आईचं नाव घ्यायचं नाही, पण हिरवं पान पिवळं होतं, तांबूस होतं, मातकट होतं, तरी पान तेच, हे पोराच्या हातातूनच पोराला दिसू द्यायचं. मला ते पटलं. मनात म्हणालो, माणूस हललेला असला तरी अक्कल आहे.

कोमल रोज मन लावून करायची. घरी येऊन हातावरचे रंग धुवायची. मी विचारायचो, "पान वाळलं का गं?" ती नुसती मान हलवायची. ती मान हो म्हणून हलते की नाही म्हणून, ते मला कळायचं नाही.

शिमगा झाल्यावर एक दिवस सरांनी सगळ्यांना कागद उचलून धरायला लावले. मी खिडकीतून बघितलं. प्रत्येक कागदावर चौकोनांची ओळ, हिरव्यापासून सुरू होऊन मातीपर्यंत गेलेली. सर एकेकापाशी थांबायचे. "हे पहिलं पान कुणाचं?"

"माझं."

"आणि हे शेवटचं?"

"माझंच की सर. तेच पान हाय."

मग कोमलपाशी आले. तिच्या कागदावर सगळे चौकोन हिरवे. पहिला हिरवा, शेवटचाही हिरवा, एकसारखे, तिळभर फरक नाही. पोरं हसायला लागली. मागचं एक पोर म्हणालं, "सर, ती रोज नवं पान तोडती."

सरांनी विचारलं, "खरं का?"

कोमल म्हणाली, "माझं पान वाळत न्हाई."

हट्ट तिनं माझा घेतलाय.

सर जमिनीवर बसले, तिच्या समोर, पोरासारखी मांडी घालून. भोकाच्या कागदाला हात लावला नाही, काही दाखवलं नाही. म्हणाले, "कोमल, त्या दिवशी मी बघितलं. जुळत नव्हता. मला दिसलं ते. तरी ती तुझी आईच होती."

"खोटं."

"मी तुला अर्धंच शिकवलं. जुळला तर तीच, नाही तर दुसरी, हे मी चुकीचं सांगितलं. माणूस तेच असतं आणि रंग निघून जातो. तुझी आई गेली, बाळा. आता येणार नाही."

तिनं ब्रश धुवायचा गढूळ पाण्याचा डबा उचलला आणि सरांच्या अंगावर फेकला. मग उठून त्यांना मारायला लागली, दोन्ही मुठींनी, छातीवर, तोंडावर. सरांनी हात वर केला नाही. ती मारताना विचारत होती, "मंग तवाच कावून सांगितलं न्हाई? तवाच कावून सांगितलं न्हाई?"

सर म्हणाले, "मला धीर झाला नाही."

तेव्हा ती रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. रडताना तिचा आवाज तिच्या आईसारखा निघाला. आणि तिचं बघून एकेक पोर रडायला लागलं, सगळा वर्ग. त्यांतल्या निम्म्यांच्या आया फडातच होत्या. मुख्याध्यापक धावत आले, दारातच थांबले. मी उठून उभा राहिलो होतो, पण आत गेलो नाही. तिथं माझं काही काम नव्हतं. ओल्या सदऱ्यानं सर तिला धरून बसले होते आणि त्यांचंही तोंड मला दिसत नव्हतं.

घरी आल्यावर तिला ताप भरला. म्हातारी दोन दिवस उशाशी बसली. सर दारापर्यंत यायचे, विचारायचे आणि परत जायचे. आत या म्हटलं तर येत नव्हते. मला म्हणाले, "तात्या, ती आता माझ्या वर्गात बसणार नाही." मी म्हणालो, "मला काय माहीत. तिला इचारा." ते विचारायला भीत होते. एवढा उंच माणूस, तिसरीतल्या पोरीला भीत होता. पुढं कितीतरी दिवस ती शाळेत गेली नाही, आणि सर वर्गात जायचे ते नुसते खुर्चीत बसायला. पोरांनी रंग मागितले तर म्हणायचे, डोंगर काढा.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात टोळी आली. सकाळचा वेळ. ट्रॅक्टर वेशीत थांबला आणि गावातली सगळी पोरं धावली. कोमल धावली नाही, चालत गेली. मी तिच्या मागं. सर रस्त्याच्या पलीकडं उभे होते, हात मागं बांधून. बाया उतरायला लागल्या. पोरं गळ्यात पडत होती, कुणाचं गाठोडं पडत होतं, कुणाची कोंबडी सुटली होती. कोमल प्रत्येक बाईकडं बघत होती. एकेकीच्या तोंडाकडं, नीट. शेवटची बाई उतरली. ट्रॉलीत भांडी, खाटा आणि उसाचं पाचट उरलं. कोमलनं त्या ट्रॉलीकडं एकदा बघितलं.

मग ती बापाकडं गेली. त्याच्या खांद्यावर दोन गाठोडी होती. त्यातलं लुगड्याचं लहान गाठोडं तिनं खाली ओढलं आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं. म्हणाली, "चला पप्पा. आजीनं पानी तापवलंय." आणि पुढं चालायला लागली.

सरांच्या समोरून जाताना ती थांबली. सर खाली बघत होते.

"सर," ती म्हणाली, "उद्या शाळा हाय का?"

सरांनी मान हलवली, हाय म्हणून.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सरांनी सकाळी शाळा उघडली. दिवसभर वर्गात ती दोघंच होती.